ढाक्यानंतर: कोच बदलून झाले, आता गोल मारणार कोण?

डावखुरा_बॅक
ढाक्याच्या मॅचचा धागा शिव्यांनीच भरलाय म्हणून हा वेगळा काढतोय. इथे डिफेन्स, गोली गुरप्रीत, फेडरेशन यावर नको, फक्त अटॅकवर बोलूया.

नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१, २२ वर्षांनी हरलो, २०२७ च्या एशियन कपची पात्रता तर त्याआधीच गेली होती. पण मला खटकतंय ते वेगळंच. दीड वर्षात तिसरा कोच. स्टिमाचला जून २०२४ मध्ये काढलं, मानोलो मार्केझ आला आणि ८ मॅचमध्ये एक जिंकून गेला, ऑगस्ट २०२५ पासून खालिद जमील. तिघांचं फुटबॉल एकमेकांशी काडीचं जुळत नाही. स्टिमाचला बॉल पायात हवा, मानोलोला गोव्याच्या टीमसारखं मागून बांधत यायचं, खालिदचं म्हणजे आधी मागचं बघा, पुढचं नंतर. आणि गोलचा आकडा? मानोलोकडे ८ मॅचमध्ये ५, खालिदकडे आत्तापर्यंत ७ मध्ये ५.

२०२४ तर अख्खं वर्ष बघा. ११ मॅच, विजय शून्य, गोल ४. त्यातली एक छेत्रीची पेनल्टी, एक भेकेचं कॉर्नरवरचं हेडर. चालत्या खेळातून उरले दोन, छांगतेचा कतारला आणि फारुखचा व्हिएतनामला. वर्षभरात दोन!

म्हणजे कोच बदलला की सिस्टिम बदलते असं आपण म्हणतो पण बॉक्समध्ये काय बदलतं ते मला कोणीतरी सांगा.

ऑफसाइड_काका
काय बदलतं? पत्रकार परिषदेतली भाषा बदलते 😀

चिखलातला_चेंडू
माझं मत सगळ्यांना माहितीये तरी परत लिहितो. आपल्याला पासिंग फुटबॉल झेपत नाही आणि ते मान्य करायला लाज वाटते म्हणून दर दोन वर्षांनी कोणीतरी येऊन तेच स्वप्न विकतो. स्टिमाचच्या आधीचा कोच कॉन्स्टंटाईन, त्याला सगळे नावं ठेवायचे, लाँग बॉल लाँग बॉल म्हणून, पण जानेवारी २०१९ ला अबू धाबीत थायलंडला ४-१ कोणी हाणलं? छेत्री आणि आशिक दोघं पुढे, बॉल लवकर पुढे टाकायचा, सेकंड बॉलवर, म्हणजे पहिल्या झटापटीतून सुटलेल्या बॉलवर, तुटून पडायचं, बस. एशियन कपमध्ये आपण एका मॅचला ४ मारले होते हे आजच्या पोरांना खरं वाटणार नाही. २०२४ च्या एशियन कपला तीन मॅच मिळून शून्य, आणि तेव्हा म्हणे आपण मॉडर्न फुटबॉल खेळत होतो.

मिडफिल्डची_मालकीण
@चिखलातला_चेंडू दादा, थायलंडच्या पुढच्या दोन मॅच सोयीस्कर विसरलात. यूएई ०-२, बहारीन ०-१, त्या दोन्हीत गोल कुठे होता? बहारीनला तर आपण ड्रॉसाठीच खेळत बसलो आणि ९१ व्या मिनिटाला पेनल्टी देऊन बाहेर पडलो. त्याच रात्री कॉन्स्टंटाईननं राजीनामा दिला. सेकंड बॉलवर तुटून पडायला आधी फर्स्ट बॉल तरी आपल्या हद्दीतून बाहेर जायला लागतो.

आणि पासिंग झेपत नाही म्हणता तर जुलै २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई स्पर्धा) फायनलमधला छांगतेचा गोल परत बघा. कुवेतविरुद्ध, बेंगळुरूच्या कांतीरवावर, आपण ०-१ मागे. आशिककडून छेत्री, छेत्रीनं सहलला आत सोडला, सहलनं एका टचमध्ये आडवा दिला आणि छांगते पळत येऊन पोचला. एकही लाँग बॉल नाही, एकही थ्रो नाही. कुवेतचे डिफेंडर बॉलकडे बघतच राहिले. हाच संघ, हीच पोरं. त्याच महिन्यात फिफा रँकिंग ९९ झालं होतं.

चिखलातला_चेंडू
एक गोल. दोन वर्षांपूर्वीचा. आणि तोच दाखवतेस दर वेळी 😅

मिडफिल्डची_मालकीण
दुसरा पण घ्या मग. नोव्हेंबर २०२३, कुवेतमध्ये जाऊन १-०, डावीकडून छांगतेचा क्रॉस आणि मनवीर. वर्ल्डकप क्वालिफायर, बाहेरच्या मैदानावर. झाले दोन.

बेंचवरचा_बारावा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या

झोनल_मार्किंग
थोडं मोठं लिहितो, सहन करा.

खालिदच्या ५ गोलांची यादी काढली तर, ताजिकिस्तानविरुद्ध २, अन्वर आणि झिंगन, दोघंही सेंटरबॅक. ओमानविरुद्ध उदांता, तोही उवैसच्या लांब थ्रोमधून उडालेल्या गोंधळातला. सिंगापूरमध्ये रहीम अलीचा ९० व्या मिनिटाचा, समोरच्यानं बॅकपास चुकवला म्हणून. आणि गोव्यात फातोर्ड्याला, परत सिंगापूरविरुद्धच, छांगतेनं बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायानं ठेवून दिला तो. म्हणजे पाचही गोल नीट बघा, एकातही असं नाही की आपण बॉल बाजूला नेला, डिफेन्स फोडला, आत कट केला आणि आपल्या स्ट्रायकरनं सहा यार्डातून टॅप केला. वर्ल्ड फुटबॉलमध्ये गोल सगळ्यात जास्त तिथूनच होतात, सहा यार्ड ते पेनल्टी स्पॉटच्या पट्ट्यातून, आणि त्या पट्ट्यात आपला माणूसच नसतो.

आता गंमत बघा, मानोलोला सगळे पासिंगवाला कोच म्हणतात ना? त्याचे ५ गोल बघा. मलेशियाविरुद्ध भेकेचं हेडर. मालदीवविरुद्ध ३-०, त्यात भेके हेडर, लिस्टन हेडर, छेत्री हेडर. फारुखचा तेवढा पायानं. पासिंगवाल्या कोचचे पाचातले चार डोक्यानं! म्हणजे कागदावर सिस्टिम कुठलीही लिहा, गोल येतो तो कॉर्नर, थ्रो, क्रॉस नाहीतर समोरच्याची चूक. @डावखुरा_बॅक चा प्रश्न बरोबर आहे पण उत्तर कोचकडे नाही असं माझं म्हणणं.

थ्रोइन_तज्ज्ञ
उवैसच्या थ्रोला नावं ठेवायची नाहीत. माझं नाव बघा.

डावखुरा_बॅक
@झोनल_मार्किंग मग कोणाकडे आहे उत्तर? नऊ नंबर, म्हणजे मधोमध खेळून गोल मारणारा स्ट्रायकर, नाही हे तर पाचवीतलं पोरगं पण सांगेल.

झोनल_मार्किंग
नाही हे सगळेच सांगतात, का नाही ते कोणी बोलत नाही. मागच्या आयएसएल सीझनला, २०२४-२५ ला, नॉर्थईस्ट क्लबच्या परदेशी अजारीनं २३ गोल मारले. भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त कोणाचे? छेत्रीचे १४. चाळिशीतल्या माणसाचे. त्याच्याखाली ब्रायसन ७, तो पण विंगर. लीगमध्ये चार परदेशी मैदानात चालतात, आणि क्लबचा मालक पैसे कुठे लावणार, गोल मारणाऱ्यावरच ना, त्यामुळे नऊ नंबर ही जागा भारतीय पोरासाठी उरलीच नाही. जो मुलगा अंडर-१७ ला स्ट्रायकर असतो तो वीस वर्षांचा होईपर्यंत विंगवर जातो, नाहीतर ७५ व्या मिनिटाला उतरतो. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमधले आपले फॉरवर्ड आठवा, अनिकेत जाधव, रहीम अली. क्लबात सलग सीझनभर मधोमध खेळायला मिळालं का त्यांना? मग ऑक्टोबरमध्ये रहीमनं शेवटच्या मिनिटाला बॉल चोरून गोल मारला तर आपण म्हणतो अरे हा कुठे होता इतके दिवस. बेंचवर होता!

ऑफसाइड_काका
हे सगळं बरोबर पण परदेश्यांवर सगळं ढकलणं मला पटत नाही. समोर रिकामा गोल असताना बाहेर मारायला कुठल्या परदेशी स्ट्रायकरनं शिकवलं? जूनमध्ये हाँगकाँगला आशिकनं पहिल्या हाफमध्ये जो घालवला तो लिस्टननं अक्षरशः ताटात वाढलेला होता. तो बसला असता तर शेवटच्या मिनिटाची विशाल कैथची पेनल्टी आणि ते ०-१ बघायला लागलं नसतं, मानोलो पण कदाचित टिकला असता. सिस्टिमनं चान्स बनवून दिला होता की तिथं, अजून काय करायचं कोचनं?

मिडफिल्डची_मालकीण
काका तो आशिक मुळात स्ट्रायकर नाहीच ना. विंगर, कधीकधी लेफ्टबॅक. त्याला मधे उभा केला तो कोचनं, छेत्री तेव्हा बेंचवर होता. हा सिस्टिमचाच भाग झाला. ज्याला रोज प्रॅक्टिसला क्रॉस टाकायची सवय आहे त्याच्या पायात अचानक टॅप-इन आलं तर तो गडबडणारच, पाय आधी पडतो, बॉल मागून येतो. स्ट्रायकरची अर्धी कला बॉल यायच्या आधीची असते, डिफेंडरच्या पाठीमागे लपायचं, त्याला वाटतं गेला हा दूरच्या पोस्टला आणि हा त्याच्या पुढ्यात येऊन उभा. छेत्री हेच करायचा, उंची नाही तरी हेडर मारायचा. हे शिकवायला दहा दिवसांचा कॅम्प पुरत नाही.

रेफ्री_ऐकतो_का
जून २०२४ चा कतारचा तो गोल मोजायचा का धाग्यात? बॉल एंड लाईनच्या बाहेर गेलेला, विशेष नाही 🙄

बेंचवरचा_बारावा
दर धाग्यात हा माणूस कतार काढतोच

रेफ्री_ऐकतो_का
मरेपर्यंत काढणार. ७३ वं मिनिट. आपण १-० पुढे होतो. तो दिला नसता तर वर्ल्डकप क्वालिफायरची तिसरी राऊंड, स्टिमाच अजून कोच, हा धागाच नाही.

चिखलातला_चेंडू
स्टिमाच अजून असता तर नक्की चांगलं झालं असतं असं वाटतंय का तुला? गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, तेही छेत्रीच्या १५० व्या मॅचला. कोलकात्यात कुवेतशी ०-० म्हणजे छेत्रीला निरोप. पाच वर्षं होता तो इथे, २०१९ पासून! पाच वर्षांत एक नऊ नंबर तयार करता आला नाही आणि जाताना नुकसानभरपाई चार लाख डॉलर. त्यापेक्षा खालिदनं ऐझॉलला २०१७ ला आयलीग जिंकून दिली तेव्हा त्या क्लबकडे काय होतं सांग बरं. नॉर्थईस्टला प्लेऑफमध्ये नेणारा पहिला भारतीय कोच. माणसाला माहितीये की कमी सामानात स्वयंपाक कसा करायचा.

मिडफिल्डची_मालकीण
खालिदबद्दल आदर आहेच हो, सावियो मेडेरानंतर पहिल्यांदा आपला माणूस बसलाय त्या खुर्चीवर आणि मला त्याचा आनंदच आहे. पण क्लबात त्याच्याकडे पुढे परदेशी माणूस असायचा! त्याचं सगळं गणित त्याच्यावर. दहा जण मागे, बॉल जिंकला की पुढच्या एकट्याकडे, तो छातीवर घेणार, धरून ठेवणार, तोवर विंगर वर येणार. भारताकडे तो छातीवर घेणारा माणूस नाही. मग बॉल जातो आणि परत येतो, जातो आणि परत येतो, आणि सत्तराव्या मिनिटाला पोरं गळून जातात. कोच बदलला पण ज्याच्या जोरावर ती सिस्टिम चालायची तो माणूस क्लबातच राहिला.

झोनल_मार्किंग
+१. हेच लिहिणार होतो.

फातोर्डा आठवा. १४ व्या मिनिटाला छांगते, स्टेडियम डोक्यावर. जिंकायलाच लागणारी मॅच, घरची. आणि त्यानंतर आपण काय केलं, हळूहळू आपली लाईन मागे सरकायला लागली, कोणी सांगितलं म्हणून नाही, सवयीनं. मधली फळी आणि पुढचा माणूस यांच्यात एवढी मोकळी जागा की सिंगापूरवाले तिथं आरामात वळून पास करत होते. ४४ व्या मिनिटाला सोंग उई-यंग, हाफटाईमच्या तोंडावर. ५८ ला परत तोच. दुसऱ्या गोलनंतर बत्तीस मिनिटं अधिक इंज्युरी टाईम होता आणि आपल्याकडे दुसरा प्लॅन काय तर क्रॉस. मोजत बसलो असतो तर झोप लागली असती.

थ्रोइन_तज्ज्ञ
थ्रो पण होते 😌

ऑफसाइड_काका
आणि ढाक्यात पण तेच. ११ व्या मिनिटाला राकिब डावीकडून सुटला, क्रॉस, मोरसालिन गुरप्रीतच्या आधी पोचला, पायांमधून आत. एका काउंटरमध्ये काम तमाम. नंतर आपल्याकडे ऐंशी मिनिटं होती. त्यातला धड चान्स एकच, त्यांचा गोली बाहेर फसलेला, छांगतेनं मोकळ्या गोलवर मारला आणि हमझा चौधरीनं लाईनवरून डोक्यानं काढला. तो हमझा मार्चमध्ये शिलाँगला ०-० मध्ये पण होता. बांगलादेशनं बाहेरून एक नीट खेळाडू आणला आणि सगळ्या टीमची मान ताठ झाली.

डावखुरा_बॅक
हा मुद्दा आलाच. रायन विल्यम्स. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला, कॅम्पला आला, ढाक्यापर्यंत गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनचा कागद आला नाही म्हणून बसून राहिला. तो आला तर अटॅक बदलेल असं वाटतं का?

झोनल_मार्किंग
विंगला फरक पडेल, पळतो, मागे येऊन काम पण करतो. पण परत विंगर! आपल्याकडे छांगते, लिस्टन, महेश, ब्रायसन, मनवीर, सगळे बाजूचे. आता अजून एक बाजूचा.

फ्लडलाईट_बंद
बऱ्याच दिवसांनी आलो धाग्यावर. तुम्ही लोक सिस्टिमवर भांडताय, भांडा, पण आत्ता, नोव्हेंबर २०२५ ला, लीगच चालू नाहीये हो. लीगच्या हक्कांचं टेंडर काढलं, एकानंही बोली लावली नाही, क्लबांनी प्रॅक्टिस बंद केली. पोरं मॅच कुठे खेळतायत? स्ट्रायकरचा टायमिंग मॅच खेळूनच येतो, जिममध्ये येत नाही. खालिदच्या जागी गार्डिओला आणून बसवा, मॅच न खेळलेल्या माणसाला तो पण टॅप-इन शिकवू शकणार नाही.

अजून एक. आपल्याकडे जे काही बरं झालंय ते पोरं सलग एकत्र राहिली तेव्हाच झालंय. २०२३ ला आधी कॅम्प, मग इंटरकॉन्टिनेंटल, मग लगेच सॅफ, पोरं आठवडेच्या आठवडे एकमेकांबरोबर. म्हणून सहलला न बघता कळायचं छांगते कुठून येणार. यावर्षी, २०२५ ला, काफा (मध्य आशियाई) नेशन्स कपला ऑगस्टच्या मध्यापासून कॅम्प, मोहन बागाननं पोरं सोडली नाहीत तरी जे होते ते एकत्र राहिले आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो. सिंगापूरच्या वेळेला क्लबांनी पोरं उशिरा सोडली, निकाल समोर आहे.

चिखलातला_चेंडू
काफाला एकत्र राहिले आणि खालिदचंच डायरेक्ट फुटबॉल खेळले, हे पण लिही की. इराणकडून ०-३ सोडलं तर कोणी फाडलं नाही आपल्याला.

फ्लडलाईट_बंद
लिहितो ना, मी कुठे नाही म्हणतोय. डायरेक्ट खेळा नाहीतर पासिंग खेळा, एक काहीतरी तीन वर्षं खेळा.

मिडफिल्डची_मालकीण
आणि बायकांच्या टीमचं कोणी नाव काढत नाही इथे. जुलैमध्ये चियांग माईला जाऊन थायलंडला त्यांच्याच घरी २-१, संगीता बासफोरचे दोन, एशियन कप क्वालिफाय. पात्रता फेरीत मंगोलियाला १३ मारले. तेव्हाच्या कोच क्रिस्पिन छेत्रीकडे काय जादूची कांडी नव्हती, पण बॉल बाजूला गेला की दोघी तिघी बॉक्समध्ये पळतात, एक जवळच्या पोस्टला, एक मागे. पुरुष टीमचा क्रॉस येतो तेव्हा आत एकटा माणूस तीन डिफेंडरांमध्ये हात वर करून उभा.

ऑफसाइड_काका
हे मात्र शंभर टक्के.

डावखुरा_बॅक
अंडर-२३ पण. नौशाद मूसाच्या टीमनं सप्टेंबरमध्ये बहारीनला २-० हरवलं, कतारला १-२ झुंजवलं, ब्रुनेईला ६, त्यात विबिन मोहननचे ३. क्वालिफाय नाही झाले पण बघायला मजा आली. सुहेल भट त्यातला खरा नऊ नंबर आहे ना? त्याला का नाही आत्ताच सीनियरमध्ये सलग खेळवत? हरायचंच आहे तर त्याला घेऊन हरूया.

झोनल_मार्किंग
पटतं. पात्रता तशीही गेलीये. छेत्री आता परत निवृत्त झालाय, यावेळी तरी फोन करून बोलावू नका त्याला. मार्चमध्ये मानोलोनं बोलावलं, मालदीवला गोल मारला, ९५ वा, टाळ्या वाजवल्या आपण सगळ्यांनी, पण त्यामुळे तो प्रश्न सहा महिने पुढे ढकलला गेला, सुटला काही नाही.

चिखलातला_चेंडू
सुहेलला खेळवा, पण त्याच्या जोडीला दुसरा पाहिजे. एकटा टाकला तर त्याचं पण तेच होणार जे सगळ्यांचं झालं. ४-४-२. हो हो, हसा. सुहेल आणि रहीम, बाजूला छांगते आणि लिस्टन.

मिडफिल्डची_मालकीण
मध्ये दोघंच? सिंगापूरनं तीन जणांनी आपल्या दोघांच्या मधून काढलं असतं. आयुष सोडून मधे पळणार कोण?

चिखलातला_चेंडू
ते मिडफिल्डवाल्यांनी बघावं, मला गोल पाहिजे. तुझे अकरा टाक की मग, नुसत्या चुका काढतेस.

मिडफिल्डची_मालकीण
टाकते. ४-३-३. गोली गुरप्रीत, मागे उवैस, अन्वर, झिंगन, भेके. मधे सुरेश, आयुष, सहल. पुढे डावीकडे लिस्टन, उजवीकडे छांगते, मधे ब्रायसन.

ऑफसाइड_काका
अगं मधे ब्रायसन? तो विंगर ना? एवढा मोठा धागा झाला आणि परत विंगरच मधे?

मिडफिल्डची_मालकीण
तो मधे थांबणार नाही काका, खाली येणार, डिफेंडर त्याच्या मागे येणार, मग मागच्या जागेत लिस्टन आणि छांगते. सहल असला की हे जमतं, २०२३ ला छेत्री हेच करत होता.

चिखलातला_चेंडू
आणि क्रॉस आला की आत कोण?

थ्रोइन_तज्ज्ञ
झिंगन